गुरुवारी ठेवलेलं प्रस्थान

शनिवार, १७ फेब्रुवारी १९३४. चिखली

पेटी गेली. हे दोन शब्द मी या आठवड्यात इतक्या लोकांसमोर म्हटले की आता ते मलाच खोटे वाटायला लागले आहेत.

शाळेत हेडमास्तर होतो तेव्हा रोज संध्याकाळी दिवसभराचं लिहून ठेवायची सवय होती. पेन्शनीत आल्यावर ती सुटली. आज पुन्हा धरतो आहे, कारण घरात बोलायला कोणी नाही आणि भिंतींशी बोलू लागलो तर गल्लीतली पोरं हसतील. रुख्मिणी गेली त्याला दोन वर्षं होतील. चारू, म्हणजे आमची एकुलती एक चारुलता, नागपूरला सासरी. तिला मुलगी झाली. आई नाही म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. बारशाला बाळंतविडा घेऊन जायचं काम मग बापावर आलं.

मी कमी केलं नव्हतं. रुख्मिणीच्या डाळिंबी शालूची कुंची, तिच्या मऊ लुगड्यांची दुपटी, झबली, टोपडी, डिंकाचे लाडू, सगळं पत्र्याच्या पेटीत भरून निघालो. शेगाव सुटलं तेव्हा पेटी पायाशी होती. अकोल्याला डोळा उघडला तेव्हा नव्हती. स्टेशनात रेल्वे पोलिसांकडे फिर्याद दिली आणि हात हलवत व्याह्यांच्या दारात उभा राहिलो.

व्याही शेषराव म्हणाले, "चोरीला गेली म्हणता? होतं असं गाडीत." आणि हसले. विहीणबाईंनी आतून त्यांच्याच घरची कुंची आणली आणि माझ्या नातीला घातली. चारूनं माझ्याकडे पाहिलं नाही. आजवर मला इतकं उघडं कोणी पाडलं नव्हतं.

एक आशा आहे. निघण्यापूर्वी खामगावच्या अर्जुनरावानं, तो माझा जुना विद्यार्थी, आता विम्याचा एजंट, प्रवासातल्या सामानाचा विमा उतरवायला लावला होता. तेव्हा मी त्याला नावं ठेवली. मला पैशाचं काही नाही. पण मुंबईच्या कंपनीनं आपल्या शिक्क्याच्या कागदावर कबूल केलं की या माणसाजवळ पेटी होती आणि ती चोरीस गेली, तर तो कागद मी शेषरावांच्या हातात देईन. मग हसा म्हणावं.

मोटारीतून उतरलो तेव्हा पहिली भेटली ती गल्लीच्या टोकाची गीताबाई. कसे आहात नाही, नात कशी आहे नाही. "पेटी कुठी हाय गुरुजी?" म्हणे. मी सांगितलं. ती ओट्यावर मटकन बसली. माझी पेटी गेली आणि धीर मी तिला द्यायचा!

मंगळवार, २० फेब्रुवारी

अर्जुनराव दाव्याचा फॉर्म घेऊन आला. रकाना होता, प्रवासास आरंभ केव्हा केला? मी सांगितलं, गुरुवार, आठ तारीख.

"गुरुजी, तिकीट तर शनिवारचं आहे."

"तिकीट शनिवारचं असेल. प्रस्थान गुरुवारी ठेवलं."

त्याची मुद्रा पाहण्यासारखी झाली. पाच वर्षं माझ्या हाताखाली शिकला आणि याला प्रस्थान समजावून सांगावं लागतं! शनिवारी पूर्वेला दिशाशूल, म्हणजे त्या दिवशी त्या दिशेला निघू नये, आणि नागपूर पूर्वेला. व्याह्यांनी कळवलं होतं की बारसं रविवारी आहे, त्याआधी येऊ नका, घरात जागा नाही. म्हणजे शनिवारीच निघणं भाग. मग काय करायचं? चांगल्या दिवशी, चांगल्या वेळी सामान घराबाहेर काढून जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. तिथून ते परत घरी आणायचं नाही, जाताना उचलायचं. सामान निघालं की माणूस निघाला. गुरुवारी सकाळी मी पेटी गल्लीच्या पूर्व टोकाला गीताबाईकडे ठेवली. म्हणजे प्रवास गुरुवारी सुरू झाला. यात चुकीचं काय आहे?

"शनिवार लिहा ना गुरुजी, कंपनीले काय समजते?" तो काकुळतीला आला.

"कंपनीला समजत नाही म्हणून मी खोटं लिहू? लिही, गुरुवार."

लिहिलं त्यानं. पेटीतल्या जिनसांची यादी मी स्वतः सांगितली. संध्याकाळी गीताबाईनं दारातूनच विचारलं, "समदं लिवलं का गुरुजी? जे जे पेटीत व्हतं ते?" मी म्हटलं, "बाई, सारा जन्म मास्तरकीत गेला. माझ्या यादीत चूक सापडायची नाही." ती आल्या पावली परत गेली.

या बाईबद्दल इथं लिहून ठेवायला हवं. विधवा आहे, पन्नाशीची असेल. कपाळ मोकळं, कोणी मागेपुढे नाही, लोकांचं शिवणटिपण करून राहते. बाळंतविडा सारा तिनंच शिवला. कुंचीसाठी रुख्मिणीचा शालू कापायला माझा हात उठेना, तर तिनंच कात्री घेतली आणि मला तिच्या अंगणात जाऊन उभं राहायला सांगितलं. तिनं शिवलं हे आम्ही दोघंही बाहेर कुठं बोललो नाही. बारशाच्या कपड्याला विधवेचा हात लागला म्हटलं तर चारूच्या सासरी चाललं नसतं. इथंही चाललं नसतं.

शुक्रवार, ९ मार्च

चारूचं पत्र नाही. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. बाळंतीण आहे, वेळ मिळत नसेल.

आज भाकर करपली. तीच खाल्ली.

सोमवार, १९ मार्च

अकोल्याच्या रेल्वे पोलिसांचं पत्र आलं. गाडीतला एक चोर धरला, त्याच्याजवळ काही जिनसा मिळाल्या, त्यांत तुमचं काही असल्यास ओळख पटवून न्यावं. पितळी तांब्या, एक छत्री, लहान मुलाच्या पायांतले चांदीचे वाळे एक जोड. झालं! माझी पेटी नाही, कुंची नाही, दुपटं नाही. मी लगेच उत्तर लिहिलं, यांतील एकही वस्तू माझी नाही, वाळे माझ्या सामानात नव्हते. दुसरा एखादा असता तर चांदी पाहून धावत गेला असता. पण असलं आपल्याच्यानं होत नाही.

हे गीताबाईला सांगितलं तेव्हा ती शिवत होती. सुई तशीच हातात राहिली.

"कसे हायेत वाळे?"

"मला काय माहीत? चांदीचे आहेत म्हणतात."

"घुंगरू हायेत का त्याले?"

बायकांना दागिना म्हटला की बाकी काही सुचत नाही! मी म्हटलं, "घुंगरू असले काय, नसले काय. दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून उचलून आणू का?"

"नाई नाई," ती म्हणाली, "कायले आणता."

मग बराच वेळ ती मान खाली घालून शिवत होती. मी उत्तर टाकायला पोस्टात गेलो.

सोमवार, २ एप्रिल

दावा नामंजूर.

पत्र इंग्रजीत. अर्जुनरावानं वाचून मराठी केलं. करताना घाम पुसत होता. सामान प्रवासारंभापासून सतत विमेदाराच्या ताब्यात असलं पाहिजे अशी अट आहे. विमेदार स्वतःच लिहितात की प्रवास गुरुवारी सुरू झाला. त्यानंतर दोन रात्री सामान परक्या घरी होतं आणि प्रवासास निघालेले विमेदार स्वतःच्या घरी झोपले होते. सबब, पेटीत काय होतं, किंबहुना गाडीत अशी पेटी होती की नाही, यावर कंपनीला विश्वास ठेवता येत नाही.

"प्रवासास निघालेले विमेदार स्वतःच्या घरी झोपले होते." अर्जुनरावाला वाचताना हसू आलं. मग माझ्याकडे पाहून त्यानं कागदाची घडी घातली.

हात् तिच्या! कागद मागायला गेलो होतो तो हा मिळाला. शेषराव नुसते हसले तरी होते. कंपनीनं शिक्का मारून मला खोटारडा म्हटलं.

गुरुवार, ५ एप्रिल

कंपनीला चार पानं लिहिली. दिशाशूल म्हणजे काय, प्रस्थान किती दिवस चालतं, ते परत घरी का आणत नाहीत, सगळं खुलासेवार. सोबत पंचांगातलं पान फाडून जोडलं. जन्मात पंचांग फाडलं नव्हतं.

अर्जुनराव म्हणाला, "गुरुजी, पंचांगानं काही व्हणार नाही. पेटी ज्या घरी होती त्या माणसाचा जबाब पाहिजे. कुलूप तसंच होतं, आत अमुक अमुक होतं, असं त्यांनी शपथेवर सांगितलं त कंपनी पुन्हा विचार करते."

मी त्याला तिथंच थांबवलं. गीताबाईनं चार माणसांत काय सांगायचं? विधुर मास्तराची पेटी माझ्या घरी दोन रात्री होती? आणि आतलं सगळं तुम्हाला कसं माहीत, असं विचारलं तर? मी शिवलं म्हणून? तिच्या पोटावर पाय येईल. मी विचारणार नाही.

रविवार, १५ एप्रिल

चारूचं पत्र आलं. आनंदानं उभ्याउभ्याच फोडलं. नात आता हसते, अंगानं चांगली भरली आहे. आणि खाली, अक्षर बारीक करून:

"बाबा, इथं रोज विषय निघतो. मला काही नको. पण खरं सांगा, पेटी होती ना?"

मी तिला अक्षर शिकवलं. पाटीवर हात धरून शिकवलं. त्याच अक्षरात तिनं मला हे विचारलं.

आज रडलो. लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. रुख्मिणी गेली तेव्हा माणसं होती, म्हणून नीट रडता आलं नव्हतं. आज घरात कोणी नव्हतं.

मंगळवार, १७ एप्रिल

अर्जुनराव भलताच वस्ताद निघाला. काल माझ्या मेजावरचं चारूचं पत्र त्यानं वाचलं आणि माझ्या पाठीमागं गीताबाईकडे जाऊन सगळं सांगून आला. ती संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन उभी. एवढ्या वर्षांत कधी आमच्या अंगणात आली नव्हती.

"गुरुजी, पोरगी बापाले खोटं समजून राह्यली, आन् तुमी मले काऊन सांगतलं नाई?"

"लोक काय म्हणतील गीताबाई?"

"लोक मले कवा काय देऊन राह्यले? बलवा त्या सायबाले. मी सांगीन."

मी पुष्कळ समजावलं. ऐकेना. जाताना मागं वळून म्हणाली, "पण एक सांगतो, मी खरं तेच सांगीन. समदं." मी म्हटलं, मग आणखी काय हवं.

शनिवार, २८ एप्रिल

आज कंपनीचा साहेब अकोल्याहून आला. शाळेच्या ओसरीवर बसवला. अर्जुनराव शेजारी. उन्हाळ्याची सुट्टी, त्यात बातमी गल्लीभर झालेली, त्यामुळे अर्धं गाव सावली धरून उभं होतं. गीताबाई पदर घट्ट लपेटून आली. साहेबानं शपथ दिली आणि विचारलं, पेटी तुमच्या घरी होती?

"हाव. गुरुवारी ठिवली, शनवारी नेली. कुलूप तसंच व्हतं, किल्ली माह्याजवळ."

"किल्ली तुमच्याजवळ? ती का?"

"झबल्याचे बंद लावाचे राह्यले व्हते. समदं मीच शिवलं साहेब. कुंची, दुपटी, टोपडी."

ओसरीखाली बायकांत कुजबूज झाली. एक जण मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई!" मी मान वर केली नाही. गीताबाईनं एकेक जिन्नस सांगितली. माझ्या यादीशी कुठं फरक नव्हता. साहेब टिकमार्क करत होता. अर्जुनराव माझ्याकडे पाहून हसला. झालं, जिंकलो असं मला वाटलं.

मग ती म्हणाली, "आन् खाली तळाशी, दुपट्याच्या घडीत, चांदीचे वाळे. घुंगराचे."

मी ताडकन उठलो. "नव्हते! गीताबाई, वाळे यादीत नाहीत!"

स्वतःच्याच साक्षीदाराला मी भर सभेत खोटं पाडलं. साहेबाचा टाक थांबला.

"तुमच्या यादीत नसतीन," गीताबाई म्हणाली. ती माझ्याकडे पाहत होती, साहेबाकडे नाही. "मी ठिवले व्हते. तुमाले न सांगता. आता शपथ घेतली, मंग कशी लपवू?"

"कोणाचे वाळे?" साहेबानं विचारलं.

"माह्या लेकराचे. लेकरू पोटात असतानी घडवले. तवा मालक गेले, आन् मंग लेकरूबी राह्यलं नाई. वाळे तेवढे राह्यले. कोणाच्या पायात गेलेच नाईत." मग मला म्हणाली, "म्हनलं, चारूच्या लेकराच्या पायात वाजतीन. सांगतलं असतं त तुमी पंचांग काढलं असतं गुरुजी."

खरं आहे. काढलं असतं.

मला पोस्टात टाकलेलं ते उत्तर आठवलं. घुंगरू हायेत का त्याले, असं तिनं विचारलं होतं. आणि मी तिलाच दुसऱ्याची वस्तू उचलू नये हे शिकवलं होतं. माझी पेटी गेली म्हणून सारी गल्ली हळहळली, आणि तिचं जे गेलं ते मी तिच्याच समोर "माझं नाही" म्हणून लिहून दिलं, आणि ती म्हणाली, कायले आणता. मला तिथं बसवेना. साहेबानं काय लिहून घेतलं ते मी ऐकलं नाही.

मंगळवार, १ मे

अकोल्याला जाऊन आलो. दिवस कोणता, दिशा कोणती, काही पाहिलं नाही. मोटारीत जागा मिळेना, रविवार-सोमवार कसे काढले ते माझं मला माहीत. वाळे लिलावात गेले असते तर मी काय तोंड घेऊन परत आलो असतो?

गेले नव्हते. हवालदारानं कपाटातून पुरचुंडी काढली आणि म्हणाला, "तुम्हीच ना, नाही म्हणून लिहिणारे?" मी हो म्हटलं. पुरचुंडीची चिंधी डाळिंबी होती. रुख्मिणीच्या शालूचा तुकडा, कुंचीतून उरलेला. काठासकट. मला ओळख पटवायला आणखी काही सांगावं लागलं नाही. हवालदारानं मला पाणी आणून दिलं आणि मग सही घेतली. पावतीवर लिहिलं आहे, गाडीतील चोराकडून मिळालेला माल मालकास परत.

शेषरावांना दाखवायला कागद मिळाला. मोटारीत तो खिशात होता आणि मला एकदाही काढून वाचावासा वाटला नाही. मुठीत वाळे होते. इतके लहान आहेत की दोन्ही एका मुठीत मावतात.

गीताबाईच्या हातात दिले. तिनं चिंधी सोडली, एकदा वाजवून पाहिले आणि पुन्हा बांधून माझ्यापुढं केले. "नागपूरले पाठवा. मी काय करू याचं?"

तिच्या दारात शिवणाचं एकही गाठोडं नव्हतं. शनिवारपासून कोणी आलं नाही म्हणे. मी माझे दोन फाटके सदरे आणून दिले. बरेच दिवस शिवायचे राहिले होते.

मंगळवार, १५ मे

कंपनीचं अखेरचं उत्तर. वाळे यादीत नव्हते, म्हणजे यादी खरी नव्हती. शिवाय वाळे आपले नाहीत असं विमेदारांनी पोलिसांना स्वहस्ते कळवलं होतं. दावा नामंजूर, पुढे पत्रव्यवहार करू नये. अर्जुनराव रागानं लाल. "वर जाऊ गुरुजी, वकील करू!" म्हणतो. मी त्याला ताक पाजून वाटेला लावलं.

साऱ्या गावासमोर एका बाईनं माझ्यासाठी खरं सांगितलं. कंपनीनं आता विश्वास ठेवला काय, न ठेवला काय.

चारूला मात्र आठवड्यापूर्वीच सगळं लिहिलं आहे. कुंची कोणी शिवली, वाळे कोणाचे, कोणासाठी घडवलेले, काही झाकलं नाही. पावतीची नक्कलही जोडली. खाली लिहिलं, तुझ्या घरी चालणार नसेल तर तसं कळव, मी रागावणार नाही. उत्तराची वाट पाहतो आहे. जेवण जात नाही.

रविवार, २० मे

चारूचं उत्तर. सासूबाई म्हणतात, असले वाळे उंबऱ्याच्या आत नकोत. शेषरावांनी पावतीची नक्कल वाचली आणि घडी करून ठेवली. आणि पुढं:

"बाबा, मी तुम्हाला ते विचारायला नको होतं. वाळे पोस्टानं पाठवू नका. स्वतः घेऊन या. उंबऱ्याचं काय करायचं ते मी पाहीन. गीताबाईंना सांगा, मुलगी आता पाय फार झाडते."

हे गीताबाईला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग पदर तोंडाला लावून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी ओट्यावर बसून राहिलो. समोरच्या घरातली माणसं पाहत होती. पाहोत.

गुरुवार, २४ मे

शनिवारी नागपूरला निघतो. शुक्रवारी निघालो असतो तरी चाललं असतं, शुक्रवारी पूर्वेला काही दोष नाही. पण शुक्रवारी मोटारीला गर्दी असते. शनिवार म्हटला की दिशाशूल आलं, आणि दिशाशूल म्हटलं की प्रस्थान ठेवणं आलंच. त्याला माझा इलाज नाही.

सकाळी नवी पेटी घेऊन गीताबाईकडे गेलो. किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "तळाशी आणखी काही ठेवायचं असेल तर या वेळी मला सांगून ठेवा."

ती हसली. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर लक्ष दिलं नव्हतं. म्हणाली, "बसा गुरुजी, चहा ठिवतो." मी बसलो. दुपार झाली तरी उठायचं सुचलं नाही.

आता घरी आलो आहे. भाकर थापली, एकटाच जेवलो, अंगणात बाज टाकली. घर रोजच्यासारखंच गप्प आहे. उद्याची रात्रही इथंच काढायची आहे. पण पेटी गल्लीच्या त्या टोकाला आहे आणि किल्लीही तिथंच आहे. प्रवासास निघालेले विमेदार स्वतःच्या घरी झोपत आहेत. कंपनीनं काहीही लिहावं, मी निघालेलो आहे.